दोष हाताचा की डब्याचा?

खेळ हा शब्द ऐकताच पेढीवर बसणाऱ्या माणसाच्या कपाळावर आठी पडते. खेळ पोरांचा आणि धंदा मोठ्यांचा, अशी आपली समजूत आहे. परंतु जगातील नामांकित कारखाने कामात सुधारणा कशी करावी हे कामगारांना आणि मॅनेजरांना शिकविण्यासाठी खेळांचा उपयोग करीत आले आहेत. या खेळांत पैज नाही, जुगार नाही. भिवंडीच्या आमच्या गोदामात आम्ही असे दोन खेळ खेळून पाहिले. त्यातून जे उमगले ते आमच्या व्यापारी बंधूंपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

जपानी लोक या विचाराला 'काइझेन' म्हणतात. 'काइ' म्हणजे बदल आणि 'झेन' म्हणजे चांगला. मासाकी इमाई यांच्या १९८६ सालच्या पुस्तकाने हा शब्द जगभर पोहोचविला. मोठे कर्ज न काढता, मालकापासून हमालापर्यंत सर्वांनी रोजच्या कामात रोज थोडी सुधारणा करीत राहावे, एवढाच त्याचा अर्थ. कापडवाल्यांना तर हा विचार परका वाटू नये. टोयोटा मोटारीचे मूळ मागातच आहे. साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग बनविला. त्यांचा सुप्रसिद्ध 'जी' प्रकारचा माग १९२४ चा. त्याचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने घेतले आणि साकिचींचे पुत्र किइचिरो यांच्या प्रयत्नांतून १९३७ मध्ये मोटार कंपनी उभी राहिली. धागा तुटला की थांबा, कारण शोधा, मगच पुढे चला, ही मागाची शिस्त मोटारीच्या कारखान्यात गेली.

मण्यांचा खेळ

डॉ. एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकेचे संख्याशास्त्रज्ञ. १९५० मध्ये त्यांनी जपानी इंजिनिअर व कारखानदारांपुढे व्याख्याने दिली आणि १९५१ पासून जपानात त्यांच्या नावाचे पारितोषिक सुरू झाले. आपल्या शिबिरांत ते एक खेळ घेत असत. एका डब्यात चार हजार मणी, त्यांपैकी ३२०० पांढरे व ८०० लाल. पन्नास खळग्यांची एक फळी डब्यात बुडवायची आणि पन्नास मणी वर काढायचे. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे डॅमेज. सहा जणांना कामगार करायचे आणि हुकूम द्यायचा की लाल मणी येता कामा नये. ज्याचे लाल कमी त्याला शाबासकी, ज्याचे जास्त त्याला ताकीद.

आमचा भाचा इंजिनिअर आहे. त्याने हा खेळ सांगितला तेव्हा आम्ही हसलो. पण त्याच सुमारास दोन पार्ट्यांकडून ताके परत आले होते आणि आमचा पारा चढलेला होता. भाचा म्हणाला, "मामू, एकदा करून तर पाहा." सुताराकडून फळी करून घेतली, बाजारातून मणी आणले आणि जुम्म्याच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सहा जणांना बसविले. फोरमन आम्ही स्वतः.

पहिल्या फेरीत एका पोराचे सहाच लाल निघाले. आम्ही पाठ थोपटली. आमच्या फोल्डिंगवाल्या चाचांचे पंधरा निघाले. आम्ही सर्वांसमोर म्हणालो, "चाचा, लक्ष कुठे आहे?" दुसऱ्या फेरीत त्या पोराचे तेरा निघाले आणि चाचांचे नऊ. तिसऱ्या फेरीत पुन्हा उलटापालट. दर पन्नासात सरासरी दहा लाल येणारच, कारण डब्यात पाचवा हिस्सा लालच आहे. कुणाचे सहा, कुणाचे पंधरा, हा हाताचा गुण नव्हे. तेव्हा चाचा हळूच म्हणाले, "सेठ, डबा तर तुम्हीच भरलात ना?"

गोदामात सर्व हसले. आम्हीही हसलो. पण रात्री झोप लागली नाही.

कारण असे की, आमच्या पेढीचा एक जुना नियम होता. परत आलेल्या ताक्याचे नुकसान घडी घालणाऱ्याच्या पगारातून कापायचे. सर्वांत जास्त कपात चाचांच्याच नावावर होती. आम्ही त्याला शिस्त म्हणत होतो.

बटणांचा खेळ

दुसरा खेळ याहून सोपा. वीस बटणे आणि चार माणसे. प्रत्येकाने प्रत्येक बटण उलटे करून शेजाऱ्याकडे द्यायचे. एका बटणाला एक सेकंद धरा. पहिल्याने वीसही बटणे उलटून मगच गठ्ठा पुढे दिला, तर चौथ्या माणसाकडून काम पुरे व्हायला ऐंशी सेकंद लागतात. पाच-पाचचे गठ्ठे केले तर पस्तीस. एकेक बटण लगेच पुढे सरकविले तर तेवीस. हात तेच, मेहनत तेवढीच, पण वेळ जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर आला. दुसरा फायदा याहून मोठा आहे. एखादे बटण फुटके असेल तर ते चौथ्या सेकंदालाच शेवटच्या माणसाला दिसते. गठ्ठ्याच्या पद्धतीत ते साठ सेकंद लपून राहते.

आमच्या गोदामात ग्रे कापडाचा माल आठ-आठ दिवस गठ्ठ्याने पडून राहत असे. डाग सापडेपर्यंत मागावर त्याच डागाचे आणखी ताके निघालेले असत.

लाल मणी कुठून आले?

मग आम्ही परत आलेला प्रत्येक ताका टेबलावर पसरला आणि सर्वांना विचारले की हा लाल मणी डब्यात कुठून पडला असेल. कारणे त्यांनाच ठाऊक होती, आम्ही कधी विचारलेच नव्हते. काही ताक्यांवर मागाच्या तेलाचे डाग होते. काही हमालांच्या लोखंडी आकड्याने फाटले होते. काहींना छताच्या गळतीची ओल लागली होती. आणि चाचा ज्या कोपऱ्यात माल तपासत तिथे एकच मिणमिणता दिवा होता. आकडा आमचा, छत आमचे, दिवा आमचा आणि कपात मात्र चाचांची!

आम्ही आकडा बंद करून पट्टे आणले. तपासणीच्या टेबलावर ट्यूबलाइट लावली. छताचे पत्रे बदलले. आता माल येईल त्याच दिवशी पाच ताके उघडून पाहतो आणि डाग दिसला की लगेच यंत्रमागवाल्याला फोन करतो. तक्रारी संपल्या असे आम्ही म्हणणार नाही, पण पुष्कळ कमी झाल्या आहेत. कपातीचा नियम रद्द केला.

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारात धान्याच्या ढिगाजवळून गेले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. त्यांनी ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. खोट वर ठेवा, झाकू नका, हा धडा आपल्याला चौदा शतकांपूर्वी मिळालेला आहे. गिऱ्हाइकाच्या बाबतीत आम्ही तो पाळत होतो. स्वतःच्या गोदामातील खोट मात्र चाचांच्या पगाराखाली झाकत होतो.

एक इशारा द्यावासा वाटतो. या खेळाचा अर्थ कुणाचीच जबाबदारी नाही असा नव्हे. कामचुकारपणा वेगळा, चोरी वेगळी, त्यांचा हिशेब वेगळा. तसेच, खेळ खेळून गोदाम जसेच्या तसे ठेवायचे असेल तर मणी आणूच नका. कामगारांनी कारण सांगितले की मालकाने खिशात हात घातलाच पाहिजे, नाहीतर दुसऱ्यांदा कुणी तोंड उघडणार नाही. आणि खेळातील आकड्यांवरून कुणाचा पगार वाढवू वा घटवू नये.

जुन्या वह्या काढून आम्ही कपातीची बेरीज केली. चाचांची रक्कम त्यांच्या हातात दिली. त्यांनी मोजली नाही, फक्त म्हणाले, "सेठ, दिवा आधी लावायला हवा होता." इतर तिघांनाही त्यांचा हक्क पोहोचला. एक जण मात्र कपातीला कंटाळूनच काम सोडून मुलुखाला गेला होता. त्याचा पत्ता पुष्कळ शोधला, मिळाला नाही. त्याची रक्कम आमच्या वहीत आजही देणे म्हणून उभी आहे.

व्यापारी बंधूंनी आपापल्या वह्या एकदा उघडून पाहाव्यात, एवढीच विनंती. मणी बाजारात स्वस्त मिळतात.