काटा राहिला, पण बळ मिळाले

शेतकऱ्याच्या घराला दुखणे नवीन नाही. भातलावणीत दिवसभर ओणवे राहून धरलेली कंबर, खुरपणीने आखडलेले गुडघे, पोती उचलून दुखावलेले मणके घरोघरी आहेत. ताप येतो आणि जातो. मोडलेले हाडही काही आठवड्यांत सांधते. पण काही वेदना येतात त्या घरचेच माणूस होऊन राहतात. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या अशा वेदनेला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात. तिला जखम नसते, पट्टी नसते. ती दिसत नाही, म्हणून थोड्या दिवसांनी घरातलेच कोणी म्हणते, "हिचे रोजचेच आहे." मूळ दुखण्यापेक्षा हे बोलणे जास्त लागते.

माझी नोकरी गावोगाव फिरण्यात गेली. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात आणि मराठवाड्यात ख्रिस्ती शेतकऱ्यांची पुष्कळ कुटुंबे आहेत. बियाणे-खताचे बोलणे संपले की चहा घेताना घरातल्या दुखण्याचा विषय निघतो आणि एक प्रश्न हमखास कानी येतो : "साहेब, रोज प्रार्थना करतो, मग दुखणे का जात नाही?" हा प्रश्न कोणत्याही धर्माच्या माणसाला पडावा असाच आहे. ख्रिस्ती धर्माने त्याला काय उत्तर दिले आणि त्या उत्तरावर काही माणसे कशी उभी राहिली, ते आज पाहू.

पौलाचा काटा

संत पौल हा तंबू शिवून पोट भरणारा कष्टकरी माणूस. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो आपल्या शरीरातल्या एका काट्याविषयी सांगतो. तो काटा म्हणजे नेमके कोणते दुखणे, यावर पंडितांत आजही एकमत नाही. कोणी डोळ्यांचा विकार म्हणतात, कोणी हिवताप. बाभळीचा काटा पायात मोडला की तो दर पावलाला आठवण देतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. हा काटा निघावा म्हणून पौलाने तीन वेळा देवाला विनवले. काटा निघाला नाही. त्याला कृपेचा आधार मिळाला, आणि अशक्तपणातच देवाची शक्ती काम करते हा भरवसा मिळाला. एवढ्या मोठ्या संताची प्रार्थनाही त्याने मागितल्या रूपात पुरी झाली नाही. तेव्हा दुखणे टिकले म्हणजे आपली श्रद्धा कमी पडली, असे कोणी मनाला लावून घेऊ नये.

दुखणे ही शिक्षा नव्हे

"मागच्या कर्माचे फळ," "देवाचा कोप," असे शेजारीपाजारी सहज बोलून जातात. बायबलमधल्या ईयोबालाही हेच ऐकावे लागले. त्याचे मित्र भेटीला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तेवढे त्यांनी चांगले केले. पुढे तोंड उघडले आणि तुझ्याच पापामुळे हे झाले, असा ठपका ठेवला. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. तक्रार करणाऱ्या ईयोबाचा तो पक्ष घेतो. एका जन्मांधाला पाहून शिष्यांनी येशूला विचारले, पाप कोणाचे, याचे की आईबापाचे? येशूने सांगितले, दोघांचेही नाही.

दुसरी गोष्ट रडण्याची. पुष्कळांना वाटते की भाविकाने हूं की चूं करू नये. पण स्तोत्रसंहितेत कितीतरी स्तोत्रे सरळ गाऱ्हाणी आहेत. स्वतः येशूनेही गेथशेमाने बागेत, हे दुःख टळो, अशी प्रार्थना केली होती. रात्री ठणक लागली आणि देवापाशी रडू आले, तर तीही प्रार्थनाच होय.

दोहनावूरची अम्मा

आता जवळच्या काळातले उदाहरण घेऊ. एमी कारमायकेल या आयर्लंडच्या बाई 1895 साली भारतात आल्या. तमिळनाडूतील तिरुनेलवेली भागात दोहनावूर येथे त्यांनी निराधार मुलींना, पुढे मुलांनाही, आसरा दिला. मुले त्यांना अम्मा म्हणत. 1931 साली एका गावी दवाखान्यासाठी घेतलेले घर पाहायला गेल्या असता त्या खड्ड्यात पडल्या. पाय मोडला, घोटा निखळला. त्यातून एकामागून एक दुखणी मागे लागली, आणि 1951 साली वयाच्या 83 व्या वर्षी मृत्यू येईपर्यंतची बहुतेक वीस वर्षे त्यांनी आपल्या खोलीत, अंथरुणाला खिळून काढली.

आजाऱ्याला धीर देणारी पुस्तके त्यांच्याकडे येत. पण धडधाकट माणसांनी लिहिलेला तो उपदेश त्यांना भिडेना. तेव्हा त्यांनी स्वतःच आजाऱ्याने आजाऱ्याला लिहिलेली पत्रे लिहिली. 'रोझ फ्रॉम ब्रायर' या नावाने त्यांचे पुस्तक 1933 साली निघाले. त्यानंतरही खाटेवरूनच त्यांनी अनेक पुस्तके लिहिली. मुलांची विचारपूस आणि संस्थेची काळजी त्या तेथूनच वाहत होत्या. त्यांच्या इच्छेनुसार समाधीवर दगड उभारला नाही. मुलांनी तेथे पाखरांना पाणी प्यायला एक पात्र ठेवले आणि त्यावर 'अम्माई' एवढेच कोरले.

चाकाच्या खुर्चीतली शल्यविशारद

केरळच्या डॉ. मेरी वर्गीस वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेल्या तरुण डॉक्टर. 1954 साली मोटार अपघातात त्यांच्या मणक्याला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. शस्त्रक्रिया, वेदना आणि निराशा यांतून त्या गेल्या. पुढे डॉ. पॉल ब्रँड यांच्या हाताखाली, चाकाच्या खुर्चीत बसून, त्या कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. 1966 साली वेल्लोरला अपंगांच्या पुनर्वसनाची संस्था उभी राहिली, ती त्यांच्या पुढाकाराने. 1972 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाय परत मिळाले नाहीत, पण जे हात उरले ते देवाने कामाला लावले, अशी त्यांची श्रद्धा होती.

या दोघींत एक गोष्ट सारखी दिसते. वेदना संपल्यावर जगू, असे म्हणत त्या थांबल्या नाहीत. उरलेल्या शक्तीत बसेल असे काम त्यांनी धरले.

औषधही देवाचेच

एका गावी एक बाई गुडघेदुखीच्या गोळ्या सोडून बसल्या होत्या. कोणीतरी त्यांना सांगितले होते की औषध घेणे म्हणजे देवावर अविश्वास. हे खरे नव्हे. पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता, आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. आपल्या मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी इस्पितळ उभारले तेही ख्रिस्तावरच्या श्रद्धेने. उलट टोकही वाईट. दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाल्ल्या तर जठर आणि मूत्रपिंड बिघडते. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. कंबरदुखीबरोबर पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. साध्या कंबरदुखीत फार दिवस पडून राहिल्याने अंग आणखी आखडते. सोसेल तेवढे चालावे. तण काढायला वाकावे लागू नये म्हणून लांब दांड्याचे किंवा सायकल कोळपे वापरावे.

घरच्यांनी काय करावे

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची मराठी भजने ख्रिस्ती वस्त्यांत आजही म्हटली जातात. आजाऱ्याला देवळात जाता येत नसेल, तर मंडळीने पेटी-टाळ घेऊन त्याच्या ओसरीवर यावे. पाळकांनी प्रभुभोजन खाटेपाशी आणावे. कॅथलिक पंथात 11 फेब्रुवारी हा रुग्णांचा जागतिक दिवस 1993 पासून पाळतात. पण वर्षातून एक दिवस पुरत नाही. दुखणाऱ्याला रोज कोणीतरी "आज कसे आहे?" असे विचारावे आणि उत्तर पुरे ऐकून घ्यावे. सल्ला नंतर द्यावा. शेंगा फोडणे, बी निवडणे, हिशेब लिहिणे, नातवंडांचा अभ्यास घेणे, असे बसून होणारे काम त्याच्या हाती द्यावे. आपण घराला जड झालो आहोत, हा विचार त्याने हलका होतो.

पौलाचा काटा निघाला नाही, पण तो एकटाही पडला नाही. आपल्या घरातल्या दुखणाऱ्या माणसाला एवढी खात्री देणे आपल्या हाती आहे. ती आज संध्याकाळी दिवेलागणीलाच द्यावी.