लहान मधमाशी-वसाहतीतील विभाजनाचे नियंत्रण : अंबड (नाशिक) परिसराच्या संदर्भात

नाशिक जिल्ह्यातील कांदा बीजोत्पादन परपरागीभवनावर, पर्यायाने मधमाश्यांवर अवलंबून आहे. म्हणून अंबडसारख्या परिसरात सातेरी माशीची (एपिस सेराना इंडिका) एक पेटी टिकविणे हाही शेतीचाच प्रश्न ठरतो.

फुलोऱ्यात पोळ्यांवर दाटी झाली अथवा राणी वृद्ध झाली की तिचा गंधसंदेश सर्व कामकरी माश्यांपर्यंत पुरेसा पोचत नाही. मग पोळ्याच्या खालच्या कडेस राणीघरे बांधली जातात आणि जुनी राणी जवळपास निम्म्या माश्यांसह पेटी सोडते. मुळातच लहान असलेल्या वसाहतीस ही हानी सोसत नाही; उघडी पडलेली पोळी मेणकिड्यास बळी पडतात.

अंडे घातल्यापासून सुमारे ८ दिवसांत राणीघर बंद होते. त्यामुळे या काळात दर ७ दिवसांनी तपासणी आवश्यक होय. केवळ राणीघरे मोडून भागत नाही. दाटी कायम राहिल्यास ती पुन्हा बांधली जातात. तसेच राणी किंवा ताजी अंडी दिसल्याखेरीज सर्व राणीघरे मोडू नयेत; राणी आधीच गेली असल्यास वसाहत राणीविना राहते. जागा एकेका चौकटीनेच वाढवावी, कारण माश्यांनी न व्यापलेली पोळीही मेणकिड्यास आमंत्रण देतात.

सारांश, विभाजन ही विकृती नसून वंशविस्ताराची नैसर्गिक रीत आहे. ती रोखावयाची तर कारणे वेळीच दूर करणे हाच उपाय होय.