उजळाईवाडी ते रेणीगुंटा : आकाशातले अंतर किती, वेळ किती?

२०१९ साली कोल्हापूर-तिरुपती विमान सुरू झाले तेव्हाची गोष्ट. गळीत हंगाम आटोपला होता. गट ऑफिसात एक वयस्कर सभासद आले आणि म्हणाले, "साहेब, इमानानं बालाजीला दीड-दोन तासात जाता येतंय म्हणं. खरं का? मंडळीचे गुडघे गेल्यात, रेल्वेत रात्र निघत न्हाई."

प्रश्न साधा, पण हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

अंबाबाई आणि बालाजी यांचे नाते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून देवीला शालू येतो. आपली माणसे हरिप्रिया एक्सप्रेसने मिरज, बेळगाव, हुबळी, गुंतकल करीत तिरुपती गाठतात. गाडीत वीस तासांहून जास्त वेळ जातो. विमानाला ना घाट, ना जंक्शन. उजळाईवाडीचा विमानतळ आणि तिरुपतीजवळचा रेणीगुंटा विमानतळ यांमध्ये सरळ रेषेत अंतर भरते सुमारे ६५५ किलोमीटर.

या मार्गासाठी पंख्याचे, सत्तर-ऐंशी माणसांचे ए.टी.आर. जातीचे विमान सोयीचे. वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. नुसता भागाकार केला तर ऐंशी मिनिटे येतात. पण विमान धावपट्टीवरून सुटल्याबरोबर ५०० चा वेग धरत नाही. वर चढताना, खाली उतरताना वेग कमी असतो, जमिनीवर हळूहळू चालण्यात काही मिनिटे जातात, आणि वारा तोंडावर असला तर आणखी थोडी. म्हणून पावणेदोन तास धरावेत.

आता खरा हिशेब. गावातून उजळाईवाडीला यायला एक तास. विमानतळावर दोन तास आधी हजर राहायचे. मग पावणेदोन तासांचे उड्डाण. उतरून सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, आणि रेणीगुंट्याहून घाट चढून तिरुमलाला सव्वा-दीड तास. सगळे मिळून साडेसहा तासांच्या पुढेच. (दर्शनाची रांग यात धरलेली नाही, ती देवाच्या हाती!)

दुसरी बाब पैशांची. कोल्हापूरचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळातला, पण नियमित सेवा मधली काही वर्षे बंद होती. २०१८ मध्ये ती 'उडान' योजनेखाली पुन्हा सुरू झाली. या योजनेची सुरुवातीची अट अशी होती की सुमारे तासाभराच्या उड्डाणाला निम्म्या जागांचे भाडे २५०० रुपयांपुढे जाऊ नये. अंतर वाढले की मर्यादाही वाढे. कंपनीचा तोटा भरून काढणारी मदत मात्र तीन वर्षांपुरतीच. पुढे जागा भरल्या तरच विमान टिकते. उसाविना चरक फिरत नाही, तसेच हे. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी विमान त्या वारी आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

हा सगळा हिशेब त्या सभासदांना कागदावर मांडून दाखवला. ते बराच वेळ आकडे बघत बसले. मग म्हणाले, "जाताना रेल्वेनंच जातो, नवस तसा बोललोय. येताना तेवढं इमान बघा."

तिकिटे त्याच दुपारी काढली.