हळद, सोयाबीन आणि ‘मागे राहिलेला’ शेतकरी

नवी शेतीपद्धती एका शेतावरून दुसऱ्या शेतावर कशी जाते, या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास रायन व ग्रॉस यांच्या 1943 च्या निबंधापासून रूढ झाला. अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याचे बियाणे 259 शेतकऱ्यांपैकी दोघे वगळता सर्वांनी 1928 ते 1941 या काळात स्वीकारले होते. बियाण्याची वार्ता प्रथम विक्रेत्याकडून कळली, परंतु मनाचा निश्चय शेजाऱ्याच्या अनुभवामुळे झाला, असे त्यांना आढळले. पुढे 1962 मध्ये एव्हरेट रॉजर्स यांनी अवलंब करणाऱ्यांचे पाच वर्ग पाडले. त्यांतील अखेरचे शेकडा 16 म्हणजे ‘मागे राहणारे’. हे वर्गीकरण आपल्याकडील प्रबंधांत इतके रुळले आहे की, ते हिंगोलीसारख्या जिल्ह्यास कितपत लागू पडते, हे तपासण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाही.

हा जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीपासून वेगळा झाला. येथील शेतीत अलीकडच्या काही दशकांत झालेले दोन मोठे पालट म्हणजे सोयाबीन व हळद. दोहोंच्या प्रसाराची रीत मात्र अगदी भिन्न आहे. सोयाबीन सुमारे शंभर दिवसांत हाती येते. ते कोरडवाहू जमिनीत पावसावर होते, जुन्याच तिफणीने पेरता येते, आणि स्वपरागित असल्यामुळे घरचे बियाणे पुढील वर्षी चालते. त्यामुळे लहान खातेदारासही ते लवकर साधले. ज्याने ज्वारी लवकर सोडली नाही, तो अज्ञानी होता असे मात्र म्हणता येणार नाही. ज्वारी धान्याबरोबर कडबा देते आणि सोयाबीन कडबा देत नाही. दावणीला बैलजोडी असलेल्या घरात हा हिशेब क्षुल्लक नव्हे.

हळदीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. पीक आठ-नऊ महिने शेतात उभे राहते, त्यास उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पाणी लागते, आणि हेक्टरी सुमारे 25 क्विंटल बेणे लागते. एवढे बेणे विकत घेणे लहान शेतकऱ्यास जड जाते. घरी वाढवायचे म्हटले तर प्रारंभी थोडक्या क्षेत्रावर लावून दरवर्षी गड्डे राखावे लागतात. काढणीनंतर हळद शिजवणे, वाळवणे व तिला झिलई देणे, ही कामे ओळीने येतात आणि त्यांसाठी मजूर व साधने वेळेवर मिळावी लागतात. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याचे पाणी ज्या वसमत भागास मिळते, तेथे हळदीने मूळ धरले, यात आश्चर्य नाही. ‘वसमत हळद’ हिला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. त्याच जिल्ह्यात माळावरील हलक्या जमिनीचा खातेदार हळद लावत नाही, तेव्हा त्यास कोणत्या वर्गात बसवावे? प्रश्नावली त्यास ‘मागे राहणारा’ ठरवील. वास्तविक मागे राहिले आहे ते पाणी. दोष व्यवस्थेचा असता तो व्यक्तीच्या माथी मारण्याची ही प्रवृत्ती स्वतः रॉजर्स यांनीही पुढे मान्य केली होती, हे आपल्या अभ्यासकांच्या ध्यानी राहत नाही.

रुंद वरंबा-सरी पद्धतीने सोयाबीन पेरण्याविषयी हाच विचार करावा लागतो. पाऊस लांबला तर ओल टिकते व अति झाला तर सरीतून निचरा होतो, हे शेतकऱ्यास पटवणे अवघड नाही. परंतु त्यासाठीचे पेरणीयंत्र ट्रॅक्टरला जोडावे लागते, आणि पेरणीची वाफ येते तेव्हा साऱ्या गावास ते एकाच आठवड्यात हवे असते. अशा वेळी पद्धत ‘नाकारली’ असे नोंदणे म्हणजे भाड्याच्या यंत्राचा तुटवडा मनोवृत्तीच्या रकान्यात लिहिणे होय.

म्हणून क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याने ‘ही पद्धत आपणांस केव्हा कळली?’ एवढेच विचारून थांबू नये. बेणे कोणाकडून आणले, रोख की उधार, ते सोयऱ्याचे की व्यापाऱ्याचे, यंत्र कितव्या दिवशी मिळाले, हेही विचारावे. आणखी एक गोष्ट. प्रश्नावली बहुधा सातबाऱ्यावर नाव असलेल्या पुरुषास विचारली जाते. निंदणी आणि काढणीनंतर गड्डे मोडून वेगळे करण्याचे काम मात्र मुख्यतः स्त्रियांच्या अंगावर पडते. हळदीचे क्षेत्र वाढवावे की नाही, याविषयी त्यांचे मत काय होते, याचा रकाना आमच्या पाहण्यातील फार थोड्या प्रश्नावल्यांत आहे.