बर्फावरची उस्तादी : परदेशी परवान्याचा सरळ हिशेब

दुबईच्या मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये २००५ साली 'स्की दुबई' सुरू झाले. बाहेर चाळीस अंशांचे ऊन आणि आत शून्याखालचे तपमान. साडेबावीस हजार चौरस मीटर जागा, पाच उतार, त्यांतला सर्वांत लांब ४०० मीटरचा. आखातात नोकरीला गेलेल्या कोकणातल्या कितीतरी मुलांनी आयुष्यातला पहिला बर्फ इथेच पाहिला असेल. तेथे रंगीत जाकिटे घालून गिऱ्हाइकांना पायातल्या फळ्यांवर उभे राहायला शिकवणारी मंडळी असतात. हे शिकवणे हा एक पेशा आहे. त्याला परीक्षा आहे, परवाना आहे, आणि त्याचे प्रशिक्षण विकणारा एक बाजारही आहे.

हा बाजार आता आपल्या गल्लीपर्यंत पोहोचला आहे. आमच्याकडे सूत नेणाऱ्या एका यंत्रमागवाल्या बंधूंनी मध्यंतरी एक गुळगुळीत माहितीपत्रक आमच्यापुढे ठेवले. मुलगा बारावी झालेला, अंगाने चपळ, थंडीत हिमाचलला जाऊन थोडे स्कीइंग शिकून आलेला. पत्रकात लिहिले होते की दहा आठवडे परदेशात शिका, इन्स्ट्रक्टर व्हा, नोकरीची खात्री. फी भरायची तर घरचे दोन माग विकावे लागणार होते. "सेठ, तुम्ही सांगा, द्यावे की न द्यावे?" असा त्यांचा प्रश्न होता. असा प्रश्न आणखी कोणापुढेही येऊ शकतो, म्हणून आम्ही जी माहिती घेतली ती येथे मांडत आहोत.

पेशा कोठून आला

बर्फावर लाकडी फळ्यांनी चालणे उत्तरेकडच्या मुलखात फार जुने. पण शिकवण्याचा व्यवसाय उभा राहिला तो मुख्यतः ऑस्ट्रियाच्या आर्लबर्ग भागात. तेथील हानेस श्नायडर यांनी १९२१ साली सेंट अँटन गावात स्की शाळा काढली. शिकाऊंना एकत्र न हाकता त्यांच्या तयारीप्रमाणे वर्ग पाडायचे आणि प्रत्येकाला पायरीपायरीने वर न्यायचे, ही त्यांची रीत पुढे जगभर गेली. १९३८ साली नाझींनी त्यांना अटक केली. १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि तेथेही त्यांनी शाळा चालवली. आपल्याकडे जरीकामात किंवा रंगाटीत शागिर्द जसा आधी धागा धरायला शिकतो, मग सुई, मग नक्षी, तसाच हा प्रकार आहे. हुनर एक आणि हुनर शिकवणे दुसरे, हे या पेशात फार लवकर ओळखले गेले.

परीक्षा कशाची होते

आजही परीक्षेचे दोन भाग असतात. उमेदवार स्वतः कसा घसरतो आणि वळतो हा पहिला. तो दुसऱ्याला कसे शिकवतो हा दुसरा. चांगला खेळाडू शिकवण्यात नापास होऊ शकतो. चार वर्षांच्या मुलाला 'पायांच्या आतल्या कडांवर भार टाक' म्हणून काही कळत नाही. म्हणून उस्ताद त्याला सांगतो, फळ्यांचा 'पिझ्झा' कर. म्हणजे पुढची टोके जवळ, मागची लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखी. वेग कमी होतो. फळ्या समांतर ठेवल्या की वेग वाढतो. घाबरलेल्या माणसाला धीर देणे, गटातल्या दहांवर नजर ठेवणे आणि उताराच्या खाली सुखरूप आणणे, पगार या कामाचा मिळतो.

प्रत्येक देशाची आपली संस्था आहे. कॅनडात स्की शिक्षकांची संघटना १९३८ पासून आहे, तिच्या चार पातळ्या. स्नोबोर्डची संघटना वेगळी, परीक्षाही वेगळी. अमेरिकेतील संस्था १९६१ ची, तिच्या तीन पातळ्या. ब्रिटनच्या 'बासी'च्या चार, ऑस्ट्रेलियाच्या 'एपीएसआय'च्याही चार. या सर्वांच्या वर 'आयएसआयए' ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिची मोहोर वरच्या पातळीच्या परवान्यावर मिळते, पहिल्या पातळीवर नाही.

पहिल्या पातळीची किंमत

खरी मेख येथे आहे. दहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमातून साधारणपणे पहिली, फार तर दुसरी पातळी हाती येते. पहिली पातळी म्हणजे नवशिक्यांना शिकवण्याची मुभा. ब्रिटनच्या पहिल्या पातळीवर तर बंदिस्त किंवा कृत्रिम उतारावरच, देखरेखीखाली शिकवता येते. मोकळ्या डोंगरावर शिकवण्यासाठी दुसरी पातळी लागते.

फ्रान्समध्ये हा कागद जवळजवळ निरुपयोगी आहे. तेथे पूर्ण पात्रतेशिवाय पैसे घेऊन स्की शिकवणे हा कायद्याने गुन्हा आहे. आल्प्सच्या देशांत मोकळेपणी काम करण्यासाठी शर्यतीची कसोटीही असते. एका तज्ज्ञाची प्रमाण वेळ धरतात. पुरुषाने तिच्यापेक्षा १८ टक्क्यांहून आणि स्त्रीने २५ टक्क्यांहून जास्त वेळ घ्यायचा नाही. लहानपणापासून शर्यतीत उतरलेल्या मुलांनाही ही कसोटी जड जाते. ऑस्ट्रियात खालच्या पातळीवर मुलांच्या वर्गाचे काम मिळते, पण तेथे जर्मन भाषा हवी.

दुसरी मेख अशी की परीक्षा संघटना घेते, अभ्यासक्रम विकणारी कंपनी नव्हे. कंपनी राहणे, लिफ्टचा पास, सराव आणि परीक्षेची फी यांची एक मोट बांधून विकते. ती पास होण्याची हमी देऊ शकत नाही. ज्याला आधीच बरे स्कीइंग येते त्याला कॅनडासारख्या देशात पहिल्या पातळीच्या परीक्षेला संघटनेकडे थेट नाव नोंदवता येते. ती काही दिवसांत होते आणि तिची फी मोटेच्या मानाने फारच थोडी असते. घाऊक आणि किरकोळ भावातला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको.

कमाई आणि खर्च

हे काम हंगामी आहे. उत्तर गोलार्धात डिसेंबर ते एप्रिल, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये साधारण जून ते ऑक्टोबरचा आरंभ. बहुतेक ठिकाणी नवख्याला शिकवलेल्या तासांचेच पैसे मिळतात. नाताळात आणि शाळांच्या सुट्टीत भरपूर तास, मधल्या आठवड्यांत सकाळी गणवेश चढवून हजर राहायचे आणि गिऱ्हाईक नसेल तर परत फिरायचे. पहिल्या पातळीचा दर तेथील किमान मजुरीच्या आसपासच असतो. मोठ्या स्की गावांत भाडे भयंकर, एका खोलीत तिघे-चौघे राहतात. गुडघ्याचा अस्थिबंध तुटणे ही या पेशातली ठरलेली दुखापत आहे. तो तुटला की हंगाम गेला, म्हणून विमा आधी.

कपड्यांचा खर्चही वेगळा धरावा लागतो. आमचा जन्म सुती कापडात गेला, पण बर्फावर सुती कापड घातक आहे. ते घाम धरून ठेवते, वाळत नाही आणि अंग गार पडते. अंगालगत लोकर किंवा पॉलिस्टर, मध्ये ऊब धरणारा थर आणि वर पाणी अडवणारे कापड अशी रीत आहे. या कापडाची प्रत मिलिमीटरमध्ये सांगतात. १०,००० म्हणजे तेवढ्या मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब ते सोसते. रोज सहा तास बर्फात उभे राहणाऱ्याला २०,००० ची प्रत बरी. कापडवाल्या वाचकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा, यातही धंदा आहे.

व्हिसा हा वेगळा सौदा

शिकण्याची परवानगी आणि कमावण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रकात त्या एकाच ओळीत लिहिलेल्या असतात. ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन मुले कॅनडात शिकून लगेच तेथेच कामाला लागतात, कारण त्यांच्या देशांचा कॅनडाशी तरुणांच्या कामाचा करार आहे. भारताचा तसा करार नाही. पर्यटक म्हणून गेलेल्या आपल्या मुलाला परीक्षा पास होऊनही तेथे एक डॉलर कमावता येत नाही.

ऑस्ट्रेलियाचा दरवाजा मात्र २०२४ मध्ये थोडा उघडला. १८ ते ३० वयाच्या भारतीयांसाठी काम व सुट्टीचा व्हिसा सुरू झाला. वर्षाला एक हजार जागा आणि त्या सोडतीने. शिक्षण, इंग्रजी आणि खात्यात शिल्लक यांच्या अटी आहेत. एका मालकाकडे साधारण सहा महिनेच काम करता येते, पण स्कीचा हंगाम त्याहून लहान असल्याने ती अट आडवी येत नाही. थ्रेडबो, पेरिशर, माउंट बुलर ही तेथील नावाजलेली ठिकाणे. क्रम मात्र उलटा ठेवू नये. आधी सोडत, मग व्हिसा, मग फी.

पाया घरीच

परदेशात पहिल्यांदा फळ्या बांधणे म्हणजे मुळाक्षरे शिकायला विलायतेला जाणे. गुलमर्गला केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची स्कीइंग व गिर्यारोहणाची संस्था आहे. तेथील गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ ला आणि दुसरा २००५ ला सुरू झाला. तो ३,९०० मीटरांहून वर नेतो. मनालीच्या सरकारी गिर्यारोहण संस्थेतही प्राथमिक आणि पुढचे स्की अभ्यासक्रम होतात. एक-दोन हिवाळे येथे घालवले तर मुलाला खरी आवड आहे की पत्रकातल्या चित्राची भुरळ, ते थोड्या पैशांत कळते.

टंगमर्गच्या आरिफ खान यांचे नाव अनेकांना ठाऊक असेल. वडिलांचे गुलमर्गमध्ये स्कीच्या सामानाचे दुकान. पैशाअभावी २०१८ च्या ऑलिंपिकची संधी हुकली, पण २०२२ मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे ते एकमेव खेळाडू होते आणि मोठ्या स्लॅलममध्ये ४५ वे आले. लहानपणापासून बर्फावर वाढलेल्या माणसालाही इतकी वर्षे लागली. दहा आठवड्यांत कोणी कोणाला उस्ताद करीत नाही.

पैसे देण्याआधी

आमचा सल्ला थोडक्यात असा. परवाना कोणत्या संघटनेचा आणि कोणत्या पातळीचा, हे लेखी घ्यावे. नापास झाल्यास पुन्हा परीक्षेचा खर्च कोणाचा, ते विचारावे. 'नोकरीची खात्री' म्हणजे मुलाखतीची खात्री की पगाराची, आणि ती भारतीय पासपोर्टवर लागू आहे काय, हे त्याच कागदावर लिहून मागावे. व्हिसा नाकारला तर किती रक्कम परत, किती दिवसांत, तेही. एवढे लिहून देण्यास जो कचरतो त्याच्याशी सौदा करू नये.

मुलगा जिद्दीचा असेल तर त्याला अडवू नये. हा इज्जतीचा पेशा आहे आणि आपल्या मुलांनी त्यात उतरण्यात काहीच वावगे नाही. पण पहिला खर्च गुलमर्गच्या किंवा मनालीच्या फीचा असावा. तो चालू कमाईतून भागतो, त्यासाठी माग विकावे लागत नाहीत.