वस्तीचा फुटबॉल संघ : घराने काय द्यावे, घराला काय मिळते?

आपल्या वस्त्यांतली आई पहाटेच शेतमजुरीला नाहीतर धुण्याभांड्याच्या कामाला बाहेर पडते. वडील साताऱ्याच्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीवर असतात. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत मूल कोणाच्याच नजरेत नसते. गुटख्याची पहिली पुडी आणि मोबाइलवरचा पहिला जुगार याच दोन-तीन तासांत मुलाच्या हाती लागतो. या वेळेचे करायचे काय, हा प्रश्न आम्ही वस्तीच्या बैठकांत वारंवार ऐकतो. विहारातील संस्कारवर्ग आणि अभ्यासिका ही त्याची उत्तरे आहेतच. आज आम्ही आणखी एका उत्तराविषयी लिहिणार आहोत. ते म्हणजे वस्तीने स्वतः चालवलेला मुलामुलींचा फुटबॉल संघ.

फुटबॉलच का, असे कोणी विचारील. क्रिकेटला बॅट लागते, पॅड लागतात, आणि एक जण खेळताना बाकीचे बसून राहतात. फुटबॉलला एक चेंडू आणि चार विटा पुरतात. वीस मुले एकाच वेळी धावतात. शिवाय हा खेळ आपल्या भागाला परका नाही. शेजारच्या कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालमींचे संघ पिढ्यान् पिढ्या खेळत आले आहेत. कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा रिक्षाचालकाचा मुलगा. तो २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

नागपूरची बादली, मुंबईची अट

वस्तीतल्या मुलांसाठी फुटबॉल कसा उभा राहतो, याचे उत्तम उदाहरण आपल्या दीक्षाभूमीच्या शहरात आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे हे क्रीडाशिक्षक होते. एके दिवशी भर पावसात झोपडपट्टीतली मुले एक फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. त्यांनी मुलांना चेंडू दिला. पुढे २००१ साली ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू झाले. हे नाव बदला, असे सुचवणारे लोक निघाले. बारसे सरांनी ते बदलले नाही. ज्यांच्यासाठी खेळ आहे त्यांचेच नाव त्याला असावे, ही त्यांची भूमिका होती. पुढे ही संस्था ‘स्लम सॉकर’ या नावाने देशभर पोहोचली. बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत तिने भारताचे संघ उतरवले आणि २०१६ साली तिला ‘फिफा’चा विविधता पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांनी २०२२ साली पडद्यावर आणलेला ‘झुंड’ याच कामावर बेतलेला आहे. तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

दुसरे उदाहरण मुंबईच्या कुलाब्यातील आंबेडकर नगरचे. तिथली मुले शाळा सोडून ससून डॉकवर मासळीच्या कामाला जात. त्याच वस्तीत वाढलेल्या अशोक राठोड या तरुणाने २००६ साली अवघ्या अठरा मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. त्यातूनच ‘ऑस्कर फाउंडेशन’ उभे राहिले. त्यांची अट एकच होती : शाळा नाही, तर खेळ नाही. बाबासाहेबांनी ‘शिका’ हा शब्द सर्वांत आधी ठेवला, तो मैदानावर कसा पाळायचा हे या एका अटीत आले.

आमच्या मते आपल्या वस्त्यांनी हीच अट पहिल्या दिवशी घालावी. आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि रविवारी सकाळी सराव ठेवावा. सराव संपला की विहारात अर्धा तास वह्या उघडाव्यात. शाळेत गैरहजर राहिलेल्या मुलाला त्या आठवड्यात मैदान नाही. मात्र त्याला हाकलून देऊ नये. त्याच्या घरी जाऊन कारण विचारावे. बहुतेक वेळा धाकट्या भावंडांना सांभाळणे, आजारपण किंवा फाटका गणवेश असेच काही निघते.

पाळी लावली तरच संघ टिकतो

असे संघ बंद पडतात ते पैशाअभावी नव्हे. एकच उत्साही तरुण सगळे अंगावर घेतो. त्याला नोकरी लागते किंवा त्याचे लग्न होते, आणि चेंडू कोणाच्या तरी माळ्यावर जाऊन पडतो. म्हणून संघ एकट्या कार्यकर्त्याचा असू नये. तो वीस घरांचा असावा, आणि प्रत्येक घराने महिन्यातून एकदा तरी पाळी द्यावी.

खेळ शिकवणारा एक जण. हजेरीची वही सांभाळणारा दुसरा. हे काम मोठ्या वर्गातली मुलगी चांगले करते. पाण्याचा हंडा आणि प्रथमोपचाराची पेटी एका घराकडे. खेळानंतरचे चणे-गूळ, शेंगदाणे किंवा उकडलेली अंडी दुसऱ्या घराकडे. स्पर्धेला बाहेरगावी जायचे तर दोन पालक सोबत. ज्या बापाला फुटबॉलमधले काहीच कळत नाही, तो मैदानावरच्या काचा आणि खडे वेचू शकतो. रात्रपाळीहून आलेल्याने रविवारी अर्धा तास काठाला उभे राहावे. बाप पाहतो आहे हे कळले की मूल वेगळे खेळते.

खर्चाचा हिशेब अवघड नाही. वीस घरांनी महिना तीस रुपये दिले तर सहाशे होतात. साधा चेंडू पाचशे ते हजार रुपयांत येतो आणि नीट जपला तर बरेच महिने चालतो. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा चेंडू घ्यावा, त्याहून मोठ्यांना पाच नंबरचा. सुरुवातीला शाळेचेच कॅनव्हासचे बूट पुरे. पाय वाढला की आखूड झालेले बूट विहारातल्या पेटीत ठेवावेत म्हणजे धाकट्यांच्या उपयोगी पडतात. ज्या घराला तीस रुपये जड आहेत त्याने एक पाळी जास्त द्यावी, आणि हे चारचौघांत बोलू नये. जमाखर्च मात्र महिन्याच्या महिन्याला विहाराच्या फळ्यावर लिहावा. दहा रुपयांचा घोळ झाला तरी वीस घरांचा विश्वास जातो.

मैदानासाठी शाळा, ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. तोंडी परवानगी माणूस बदलला की संपते.

मुलगी तेराची झाली की...

दहा वर्षांपर्यंत मुली मुलांच्या बरोबरीने धावतात. तेरावे-चौदावे लागले की एकेक घरी राहते. ‘लोक काय म्हणतील’ हे कारण सांगितले जाते. खरी कारणे घरकाम, पाळीची अडचण आणि वाटेवरची भीती ही असतात. मैदानाजवळ स्वच्छतागृह आहे का ते आधी पाहावे. पेटीत सॅनिटरी पॅड ठेवावेत. सराव अंधार पडण्यापूर्वी संपवावा आणि मुलींना घोळक्याने घरी पोहोचवावे. महिला मंडळातली एक ताई किंवा मावशी प्रत्येक सरावाला हजर असावी. भाकरी थापायची वेळ आणि सरावाची वेळ एकच येत असेल, तर त्या दिवशी भावाने पीठ मळावे. बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. मग घरातल्या कामाची वाटणी तिथूनच सुरू व्हायला हवी.

मुलगा असो वा मुलगी, एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाला कुठे नेऊ नये. मैदानावर नेहमी दोन मोठी माणसे असावीत. २०१२ चा पोक्सो कायदा काय सांगतो हे पालकांना आणि स्वयंसेवकांना एका बैठकीत समजावून द्यावे. कार्यकर्ता कितीही ओळखीचा असला तरी हा नियम त्यालाही लागू आहे.

घराला काय मिळते?

‘खेळून पोट भरते का?’ असे आया विचारतात. प्रश्न रास्त आहे. वीस मुलांतून एखादाही मोठा खेळाडू होईलच असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण शाळेमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या स्पर्धांत, सुब्रतो चषकासारख्या शालेय स्पर्धेत उतरता येते. नियमात बसणारी कामगिरी असेल तर दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण मिळतात, आणि पात्र खेळाडूंसाठी राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी जन्मदाखला, आधार आणि प्रत्येक प्रमाणपत्राची प्रत एका पिशवीत जपून ठेवावी. वयाचा पुरावा नाही म्हणून चांगली मुले बाहेर बसतात.

गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ऑलिंपिक पदक मिळवले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी लोकांनी वर्गणी जमवली होती. सातारा जिल्ह्याला हे नवे नाही.

आणखी एक मिळकत आहे, तिला प्रमाणपत्र नसते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांनी साताऱ्याच्या ज्या शाळेत प्रवेश घेतला, ते आजचे प्रतापसिंह हायस्कूल. त्या काळच्या शाळेत आपल्याला नळाला हात लावता येत नव्हता, शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, असे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. शिपाई नसला की तहानेलेच राहायचे. आज आपल्या संघाशी खेळायला दुसऱ्या आळीची, दुसऱ्या जातीची मुले येतील तेव्हा हंडा एकच ठेवावा आणि पेलाही एकच. आपल्या मुलांनी आधी पाहुण्यांना पाणी द्यावे. कोणी पेला नाकारला तर भांडू नये. पण हंडा दुसरा ठेवू नये.

७ नोव्हेंबर हा दिवस राज्यात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी वंदनेनंतर विहारातच बैठक घ्यावी. वीस नावे लिहावीत, पहिल्या महिन्याच्या पाळ्या ठरवाव्यात, आणि मैदानाच्या अर्जावर तिथेच सह्या कराव्यात. चेंडू दुसऱ्या दिवशी आणला तरी चालेल.