तेरावा दिवस घराबाहेर

फरवर्दीन महिन्याची तेरावी तारीख, म्हणजे एप्रिलची पहिली किंवा दुसरी, घरात काढणे अशुभ, असा इराणातील जुना समज आहे. आणि त्या अशुभाच्या निवारणार्थ उपासतापास किंवा शांतिपाठ न करता समस्त कुटुंबकबिल्याने गालिचा, समोवार आणि खाण्याची पातेली घेऊन हिरवळीवर ठाण मांडावे, असा दस्तूर पाडणाऱ्यांच्या रसिकतेचे मला मोठे कौतुक वाटते. १९७९ च्या क्रांतीनंतर सरकारी दिनदर्शिकेत या दिवसाचा ‘निसर्गदिन’ झाला, सुट्टी मात्र कायम राहिली. इस्फहानच्या बाजारात मी ऐकले ते जुनेच नाव, ‘सीजदह-बेदर’.

पूर्वतयारी नवरोजच्या, म्हणजे इराणी नववर्षाच्या, आधी पंधरवडाभर सुरू होते. आमच्या यजमानीणबाईंनी गहू निवडून भिजत घातले, मोड दिसू लागताच ते ताटलीत पसरून वर ओले फडके झाकले, आणि कोंब वर आल्यावर फडके काढून रोज हाताने पाणी शिंपडीत ते वाढवले. आपल्या घटातल्या रुजवणाची आठवण व्हावी असा तो हिरवा, दाट गुच्छ तांबडी फीत बांधून नवरोजच्या ‘हफ्त-सीन’ या पारंपरिक मांडणीत विराजमान झाला. या ‘सब्जे’ने घरातील पीडा शोषून घेतलेली असते, म्हणून तेराव्या दिवशी ते वाहत्या पाण्यात सोडावयाचे, आणि दुसऱ्याच्या सब्जेला चुकूनही हात लावावयाचा नाही.

सिकंजबीनचा पाक त्यांनी आदल्या सायंकाळीच केला. साखरपाणी उकळून, त्यात सिरका घालून ते मंद आचेवर दाट होऊ दिले. पातेले उतरवल्यावर पुदिन्याची जुडी त्यात बुडवून ठेवली आणि पाक निवल्यावर काढून टाकली. ही जुडी आधी, उकळत्या पाकात घातली तर सुगंध उडून जातो, यावर बाईंचा कटाक्ष होता. दुसऱ्या दिवशी सी-ओ-से पुलाजवळच्या हिरवळीवर लेट्यूसची कोवळी पाने त्या आंबटगोड पाकात बुडवून खाताना, शेजारच्या गालिच्यावरून आलेल्या कबाबाच्या धुराचाही मला विसर पडला.

विवाहोत्सुक मुली गवताच्या पात्यांना गाठी मारीत होत्या, थोरल्या बहिणी त्यांची थट्टा करीत होत्या. आम्ही सब्जे झायंदे-रूदच्या प्रवाहात सोडले. अलीकडे पुष्कळ वेळा हे पात्र कोरडेच असते. अशा वर्षी सब्जे मोटारीत ठेवून, वाहते पाणी भेटेपर्यंत नदीच्या वरच्या अंगाला जावे लागते, असे बाई म्हणाल्या, आणि समोवारात आणखी कोळसे घालण्यास त्यांनी मुलाला फर्मावले.